घंटाचोरांची सून

"मालन, तुझ्याच नावाची आनखी एक हुबी केलीया त्यांनी."

सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच मालकांनी बातमी सांगितली. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. तव्यावरची करपली तरी माझ्या ध्यानात आलं नाही.

"माझ्या नावाची म्हंजी?"

"मालन तानाजी खराडे. ताकपित्यांची मालन गं, माडीवाल्यांच्या मळ्यात कामाला असती ती. तिच्या नवऱ्याचं नावबी तानाजीच की. तहसीलच्या फळ्यावर दोघींची नावं एकाखाली एक लागल्यात. कंची कोण, ब्रह्मदेवालाबी कळायचं न्हाई."

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती, आमच्या वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव निघाली होती आणि मी उभी होते. हौस म्हणून नव्हे. माडीवाल्यांच्या आळीत दारोदार नळ होते आणि आमच्या आळीतल्या बाया ओढ्याकाठच्या विहिरीवर नंबर लावून भांडत होत्या. पंचायतीत आमच्या बाजूचं कुणी बसल्याशिवाय पाइप पुढं सरकत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. "तू धावी झालीयास, आन तोंडाचीबी फटकळ हाईस," असं म्हणून बायांनीच मला पुढं ढकललं. या दोन गुणांवर माझी उमेदवारी ठरली.

आता नावाचं सांगते. आमच्या गावात जिकडं बघाल तिकडं खराडे. त्यात नावंही तीच ती, तानाजी नाहीतर संभाजी, मालन नाहीतर शालन. म्हणून गाव आडनावाला विचारतच नाही, सगळा कारभार पडनावावर चालतो. कुणी ताकपिते, कुणी उंदरे, कुणी सोटेवाले. रावसाहेब खराड्यांच्या आजोबांनी गावात पहिली माडी बांधली, म्हणून ते झाले माडीवाले. नशीब काढलं त्यांनी. आणि आमचं घर घंटाचोरांचं.

माझी पत्रकं वाटली तेव्हाच या नावानं चुणूक दाखवली होती. 'मालन तानाजी खराडे यांना विजयी करा' हे नातवाकडून वाचून घेऊन आमच्याच आळीतली कोंडाआत्ती मला विचारत आली, "ही कोण गं बया हुबी ऱ्हायलीया?"

"मीच की आत्ती."

"आगं मग घंटाचोरांची मालन म्हनून लिवायचं न्हाई व्हय!"

तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता हसू येईना. आळीची मतं मोजकीच, त्यातली थोडी जरी त्या दुसऱ्या मालनच्या नावावर पडली, तरी माडीवाल्यांची उमेदवार आरामात निवडून येणार होती. त्यांना दुसऱ्या मालनला निवडून आणायचंच नव्हतं. नुसतं मला पाडायचं होतं.

"उपाव हाय एक," मालक आवाज खाली आणून म्हणाले. "तिथला साहेब म्हनला, गावात ज्या नावानं वळखत्यात ते कंसात छापता येतंय. उद्या तीनच्या आत अर्ज द्यायचा. तीनला चिन्हं वाटली की मग बदल न्हाई."

एवढं बोलून त्यांनी ओसरीकडं बघितलं. मीही बघितलं. ओसरीवर माझे सासरे सुतळी वळत बसले होते आणि त्यांचा हात थांबला होता.

मामंजी लहान होते तेव्हाची गोष्ट. एके दिवशी भैरोबाच्या देवळातली घंटा जाग्यावर नव्हती. कुणीतरी सांगितलं, दौलूच्या, म्हणजे आमच्या मामंजींच्या बापाला खांद्यावर पोतं टाकून तालुक्याच्या वाटेनं जाताना बघितलं. दिवसभर गाव पेटलं. सांजंला माझे आजेसासरे घंटा घेऊन परत आले. कडी झिजली होती, तांबटाकडून बदलून आणली, थोरल्या माडीवाल्यांनीच पाठवलं होतं, असं ते म्हणाले. गावानं थोरल्यांना विचारलं. ते हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत, नुसते हसले. गाव काय समजायचं ते समजलं. घंटा त्याच सांजंला परत आली, नाव मात्र आमच्या घरी राहायला आलं ते कायमचं.

मामंजींनी जन्मात त्या नावाला ओ दिली नाही. रस्त्यानं जाताना चावडीपुढून रावसाहेब हटकून हाक मारायचा, "काय घंटाचोर, कुठवर?" मामंजींची मान वळायची नाही. तरुणपणी त्यांनी जत्रेत एकाचे दोन दात पाडले होते, तेही याच नावापायी. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारायचा नाही, असा दंडकच होता. आणि देवळात गेलं तर घंटा वाजवायची नाही. नवी नवरी म्हणून मी भैरोबाच्या पाया पडायला गेले, घंटेला हात घालणार तेवढ्यात सासूबाईंनी मनगट धरलं. "आपल्यात वाजवत न्हाईत," म्हणाल्या. मागं उभ्या बाया पदरात हसत होत्या. मला वाटलं, काही नवस असेल. खरं कारण कळलं त्या रात्री मी मालकांवर चिडले होते, आधी का नाही सांगितलंत म्हणून.

तर मी हात धुतले आणि ओसरीवर गेले. मालक माझ्यामागं आले, पण चौकटीतच थांबले.

"मामंजी, ऐकलं न्हवं तुमी?"

"ऐकलं."

"दुसरा इलाज न्हाई. समदी आळी आपल्याला त्याच नावानं वळखती."

"मग हुबी ऱ्हाऊ नगंस."

"आन पानी?"

"माझ्या आयनं हिरीचंच पानी प्यालं. माझ्या बायकुनंबी." त्यांनी सुतळी बाजूला ठेवली. "मालन, तोंडानं म्हनत्यात ते वाऱ्यावर जातंय. छापलं की ऱ्हातंय. सरकारनं शिक्का मारून द्यायचा व्हय, की ह्ये चोराचं घर?"

पण मी फटकळ ती फटकळच. "तुमच्या नावासाटी आळीतल्या पोरीबाळींनी जन्मभर घागरी व्हायच्या का?" असं बोलून गेले.

मालकांनी डोळे मिटून घेतले. मामंजी मात्र रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते उठले, खुंटीवरचा फेटा घेतला आणि म्हणाले, "तू ते नाव छापलंस, तर या घरातलं पानी मला वर्ज्य. तुझ्या नळाचंबी." आणि न जेवता अंथरुणावर पडले.

सकाळी उठून बघते तर मामंजी घरात नव्हते. गोठ्यात नाहीत, मळ्यात नाहीत. त्यांची धुतलेली बंडी आणि ठेवणीतलं धोतरही जाग्यावर नव्हतं. मालकांचा चेहरा उतरला. "मालन, ऱ्हाऊ दे. आबा काय करून घेत्याल, नेम न्हाई."

माझीही पाचावर धारण बसली होती. पण दाराशी आळीतल्या बाया उभ्या होत्या, कोंडाआत्ती सगळ्यांत पुढं. आत्तीनं माझ्या हातावर दही-साखर ठेवली. मी ती खाल्ली आणि मालकांबरोबर एस.टी.त बसले.

तहसीलच्या व्हरांड्यात गर्दी होती. मी अर्ज लिहिला. 'मालन तानाजी खराडे (घंटाचोर).' माझ्या हातानं तो शब्द पहिल्यांदा कागदावर उतरला, आणि खरं सांगते, मला तो आवडला नाही. अर्ज आत दिला आणि नाव पुकारायची वाट बघत बाकावर बसलो.

तेवढ्यात आवारात माडीवाल्यांची जीप शिरली. मागून ताकपित्यांची मालन उतरली, डोकीवरचा पदर पार नाकापर्यंत ओढलेला. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पुढच्या सीटवरून रावसाहेब उतरला, आणि त्यानं स्वतः पलीकडं जाऊन, दार उघडून, हात धरून उतरवलं ते माझ्या सासऱ्यांना.

"आबा?" मालक उठून उभे राहिले. मामंजींनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

"दौलतराव, बसा असं सावलीला," रावसाहेब म्हणाला. "च्या सांगू का?"

दौलतराव! मी त्या गावात नांदायला आल्यापासून मामंजींना कुणी या नावानं हाक मारलेली ऐकली नव्हती. तेही दचकले असावेत, कारण बसताना त्यांनी बंडीची बटणं चाचपली.

रावसाहेब त्यांच्या शेजारी बसला. आम्ही चार हातांवर होतो, पण आता लपवायचं कशाला, अशा बेतानं तो मोठ्यानंच बोलत होता. "वाटंत जीपमदी घेतलं तवा सांगितलं, तेच पुन्यांदा सांगतो. आजपास्नं माडीवाल्यांचं एक पोरबी त्या नावानं हाक मारनार न्हाई. यंदाच्या जत्रंला पयली घंटा तुमी वाजवायची, मान तुमचा. तुमी फकस्त आत येऊन म्हना, या नावाला माझी हरकत हाय."

"गाव ऐकंल?"

"न ऐकाय काय झालं? ग्रामसभेत मी सोता हुबा ऱ्हाऊन सांगतो की, दौलतरावांच्या वडलांनी चोरी केली न्हवती. आमच्या आज्यानंच त्यांना कडी बदलाय धाडलं हुतं."

मामंजींनी हळूच मान वळवली. "धाडलं हुतं?"

"व्हय की. त्यांनीच."

"तुझ्या बाला ठावं हुतं?"

"आमच्या घरात समद्यास्नी ठावं हाय."

"आन तुला?"

"मला बारकेपनापास्नं," रावसाहेब हसत म्हणाला. मोठी देणगी दिल्यासारखा तो हसत होता. त्याच्या आजोबाचं हसू मी बघितलेलं नाही, पण असंच असणार.

मामंजींनी नुसती मान हलवली. फेट्याचं टोक खांद्यावर नीट घेतलं आणि समोरच्या लिंबाकडं बघत बसले. मला वाटलं, संपलं. आणि नवल म्हणजे माझा राग कुठल्या कुठं गेला. जन्मभर ज्या गोष्टीसाठी माणूस झुरला, ती म्हातारपणी कुणी ताटात वाढून दिली तर तो का नको म्हणेल? पाणी काय, पुढच्या निवडणुकीला बघू. माझे डोळे भरून आले ते मामंजींसाठीच.

शिपायानं नाव पुकारलं. आम्ही दोन्ही मालन एकदमच उठलो. शिपाई म्हणाला, "कोणती?" आणि व्हरांड्यातले लोक हसले.

आत साहेब तरुण होते, घामेजलेले. माझा अर्ज त्यांच्या हातात होता. "बाई, हे तुम्हीच लिहिलंय?"

"व्हय."

"अहो, चोर! उमेदवाराच्या नावापुढं चोर छापू मी?"

"घरान्याचं पडनाव हाय साहेब. गाव त्याच नावानं वळखतं."

"खोटं हाय साहेब!" रावसाहेब पुढं सरसावला. "एका मानाच्या घराची बदनामी चाललीया ही. गावात असं कुनी म्हनत न्हाई यांना. यांचे सासरे सोता हरकत घ्यायला आल्यात, इचारा त्यांनाच."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. तीनला थोडाच अवकाश होता. "आजोबा, घरातले वडील तुम्ही. तुमची हरकत असेल तर मी हे नाव घेणार नाही. गावात तुम्हाला या नावानं ओळखतात का?"

मालकांनी माझा पदर मुठीत धरला होता, एखाद्या पोरासारखा.

"रावसाहेब," मामंजी म्हणाले, "हाक मार मला."

"आं?"

"हाक मार म्हंतो."

"दौलतराव, ह्ये काय आता..."

"ही न्हवं. चावडीम्होरनं जाताना रोज मारतूस ती."

रावसाहेबाचं हसू तिथंच गोठलं. त्यानं साहेबांकडं बघितलं, कारकुनाकडं बघितलं. "आमी कशाला तसं म्हनू? आमी मानानंच..."

"मार की. जन्मभर मारलीस. आजच जीभ का जड झाली?"

मामंजींनी मालकांकडं बघितलं. मालकांनी मान खाली घातली. मग ते माझ्याकडं वळले.

"पोरी, तू मार."

"मामंजी, मी कशी..."

"साहेबाला ऐकू जाईल अशी मार."

एवढं बोलून ते पाठ फिरवून चालू लागले. दाराबाहेर गेले, व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून आवारात गेले, जसे गावातून चालायचे तसेच, ताठ मानेनं, कुणाकडं न बघता. उघड्या दारातून त्यांची पाठ आम्हा सगळ्यांना दिसत होती. साहेबही उठून उभे राहिले होते.

सून म्हणून नांदले त्या घरात मी सासऱ्याचं साधं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत उखाण्यातही नाही. डोक्यावरचा पदर घट्ट ओढला, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा दम एकवटून ओरडले,

"आवो घंटाचोर!"

आवारातले सगळे लोक वळून बघू लागले. मामंजी थांबले. त्यांची पाठ तशीच होती. ज्या नावाला ती मान कधी वळली नाही, ते नाव सुनेनं भरबाजारात पुकारलं होतं. मला वाटलं, आता हे असेच चालत फाटकाबाहेर जातील आणि पुन्हा आमच्या घराचा उंबरा चढणार नाहीत. मी दाराची चौकट धरली.

मग ते वळले. सावकाश, सगळ्या अंगानिशी वळले.

"ओ!"

एवढ्या मोठ्यानं ओ दिली की शेजारच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. तसेच पायऱ्या चढून ते आत आले आणि साहेबांच्या टेबलावर त्यांनी पंजा टेकला.

"लिवा साहेब. घंटाचोर. ठळक लिवा, म्हाताऱ्या मानसांस्नी दिसलं पायजे."

"आजोबा, नक्की?"

"ओ दिली न्हवं म्या?" मग ते रावसाहेबाकडं वळले. "माझ्या बानं चोरी केली न्हवती, ह्ये तुझ्या तोंडानं ऐकलं. त्यो मरताना हेच म्हनत हुता, आन माझाच इस्वास पुरा बसत न्हवता. माझं काम झालं. ग्रामसभेला सांगायचं तर सांग, न्हाईतर आज्यासारका हसत बस."

रावसाहेब तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बाहेर गेला. साहेबांनी शिक्का मारला. तेव्हा दाराशी उभी असलेली ताकपित्यांची मालन पदराआडून मला म्हणाली, "बरं झालं बाई. मला तर अंगठा कशावर घेतला त्येबी म्हाईत न्हाई."

मी निवडून आले, फार थोड्या मतांनी. दुसऱ्या मालनला जी चार-दोन मतं पडली, त्यात तिचं स्वतःचंही नव्हतं. ते तिनं मलाच दिलं, हे तिनंच पुढं विहिरीवर सगळ्यांना सांगितलं. नळ यायला त्यापुढं दीड वर्ष गेलं, ती वेगळी लढाई.

निकालाच्या दिवशी आळीनं गुलाल उधळत मला भैरोबाच्या देवळात नेलं. रावसाहेबाचे लोकही कडेला उभे राहून बघत होते. मी सवयीनं हात जोडले आणि घंटेला न शिवता खालून आत गेले. गाभाऱ्यापुढं डोकं टेकवलं, तोच मागं घंटा घणाणली. एकदा नाही, तीनदा. मी वळून बघितलं.

मामंजी टाचा उंच करून घंटेखाली उभे होते. फेट्यावर गुलाल, हात अजून वरच. ढोल वाजवणारे थांबले, बाया थांबल्या, कुणाला काय करावं ते सुचेना. घंटा अजून हलत होती. मामंजींनी पंजा लावून ती थांबवली आणि सगळ्या गावाकडं तोंड केलं.

"बगून घ्या रं समद्यांनी," ते म्हणाले. "जाग्यावर हाय."

कुणी हसायचं धाडस करेना. पहिले हसले ते मामंजीच.